फिल्डवर जायच्या आधी: राज्यशास्त्राचं पहिलं संशोधन करणाऱ्या नागपूरच्या पोट्ट्यापोट्टींसाठी

दरवर्षी डिसेंबर-जानेवारी आला की माझ्या व्हॉट्सॲपवर वेगवेगळ्या नंबरांवरून एकच मेसेज येतो, "मॅडम, गुगल फॉर्म बनवला, ८७ रिस्पॉन्स आले, १०० झाले की ॲनालिसिस करतो, चालेल ना?" चालेल काय, पळेल, फक्त कुठे पोहोचेल ते विचारू नका. मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते, आधी स्वतःच्या पीएचडीसाठी आणि आता एमएच्या प्रोजेक्टवाल्या मुलांसोबत या शहरात बरीच दारं ठोठावून झालीत, आणि त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही परत करू नये म्हणून हे लिहून राहिले. पुस्तकात पद्धतीचे चॅप्टर वेगळे असतात आणि नीतिमत्ता शेवटी चार पानांत उरकलेली असते, त्यामुळे पोरांना वाटतं एथिक्स म्हणजे फॉर्मच्या वर एक ओळ टाकायची, "आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल", झालं. दारातला माणूस तुम्हाला घाबरला असेल ना, तर तो खोटं सांगतो, आणि खोट्या उत्तरांवर तुम्ही एसपीएसएस (आकड्यांचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर) चालवा की आणखी काही, त्यातून काय निघणार? म्हणून मी दोन्ही गोष्टी मिसळूनच सांगणार आहे.

१. "एक चिकित्सक अभ्यास" सोडा, प्रश्न पकडा

"नागपूर महानगरपालिका निवडणूक: एक चिकित्सक अभ्यास" हा विषय मी इतक्यांदा पाहिलाय की आता शीर्षक वाचूनच झोप येते. हा विषय आहे, प्रश्न नाही. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर हो, नाही, इतकं, किंवा असं-असं होतं म्हणून, अशा शब्दांत देता येतं. आता बघा, २०१७ च्या निवडणुकीत नागपूरला ३८ प्रभाग होते आणि १५१ नगरसेवक, म्हणजे ३७ प्रभागांत चार-चार आणि एका प्रभागात तीन. मग साधा प्रश्न, नाली तुंबली की माणूस चौघांपैकी कोणाकडे जातो? ज्याला मत दिलं त्याच्याकडे, जो घराजवळ राहतो त्याच्याकडे, जातीच्या माणसाकडे, की चौघांनाही सोडून थेट झोन ऑफिसात? आणि चौघं असल्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो का? यावर दोन प्रभाग घेऊन सहा महिन्यांत छान काम होतं.

किंवा वेगळ्या विदर्भाचं घ्या. १९५३ चा नागपूर करार, १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस, हे सगळं दर प्रोजेक्टमध्ये पहिली वीस पानं खातं आणि मग निष्कर्ष येतो की "मागणी रास्त आहे". अरे पण मागणी रास्त आहे की नाही हे तुम्हाला कोणी विचारलंच नाही! विचारायचं तर हे विचारा की ज्यांना वेगळं राज्य पाहिजे त्यांच्यातले किती जण मत देताना त्या मुद्द्याचा विचार करतात. मागणीला पाठिंबा असणं आणि त्यावर मत देणं यात जे अंतर आहे ना, तिथे संशोधन आहे.

२. घराबाहेर पडण्याआधी तयार माहिती चाळा

बूथनिहाय मतांचा तक्ता हवा असेल तर त्याचं नाव फॉर्म २०, लोकसभा आणि विधानसभेसाठी तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर मिळतो. मनपाची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नाही, हे एमएच्या दुसऱ्या वर्षालाही लोक घोळ करतात, आणि मग चुकीच्या ऑफिसात अर्ज देऊन महिना घालवतात.

फॉर्म २० मध्ये एक सापळा आहे. अमुक बूथवर बौद्ध वस्ती जास्त, तिथे तमुक पक्षाला मतं जास्त, म्हणून बौद्धांनी तमुक पक्षाला मतं दिली, हे वाक्य लिहायचा मोह सगळ्यांना होतो. लिहू नका. आकडा बूथचा आहे, माणसाचा नाही. अमेरिकेत रॉबिन्सन नावाच्या अभ्यासकाने १९५० मध्ये हे दाखवून दिलं होतं, १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे साक्षरता जास्त दिसत होती, पण माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेले लोक उलट कमी साक्षर निघाले, ते फक्त जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहत होते. आपल्याकडे ही चूक फक्त चूक राहत नाही, एका वस्तीवर शिक्का बसतो आणि पुढच्या वेळेस कोणीतरी तोच तक्ता घेऊन "यांची मतं आपली नाहीतच" म्हणून तिथल्या रस्त्याचं काम अडवतो.

आरटीआय पण वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. "रस्ता का केला नाही" असं विचारलं की उत्तर येतं "प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही". "२०१८ ते २०२१ या काळात अमुक प्रभागात मंजूर झालेल्या रस्त्यांच्या कामांची यादी, मंजूर रक्कम आणि कार्यारंभ आदेशाची तारीख" असं लिहा, मग बाबूला पळायला जागा राहत नाही.

३. कोणाला विचारायचं

आता त्या ८७ रिस्पॉन्सकडे. गुगल फॉर्म तुम्ही कोणाला पाठवला? वर्गाच्या ग्रुपला, मामेभावाला, त्याने त्याच्या ऑफिसच्या ग्रुपला. मग तो सर्व्हे नागपूरचा नाही, तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टचा झाला. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या, आणि त्यावरून सांगितलं की रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट दणकून जिंकले. नावं घेतली होती टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीतून, म्हणजे मंदीच्या काळातही खाऊनपिऊन सुखी असलेले लोक, वरून पत्रिका परत पाठवणारे म्हणजे ज्यांना राग होता ते. वीस लाखांनी जे जमलं नाही ते तुमच्या शंभरांनी कसं जमणार?

नीट निवडलेले ४०० लोक असले तर चूक साधारण ५ टक्के इकडे-तिकडे होते, १०० असले तर १० टक्के. एमएसाठी अख्खं शहर घेऊच नका. दोन-तीन बूथ घ्या आणि नीट करा. मतदार यादीवरून निवड कशी करायची ते एकदा करून दाखवते. समजा बूथच्या यादीत ११०० नावं आहेत आणि तुम्हाला २५ पाहिजेत. ११०० भागिले २५ म्हणजे ४४. आता १ ते ४४ च्या चिठ्ठ्या करून एक उचला, समजा १७ आली. मग १७, ६१, १०५, १४९, असं ४४ वाढवत जा. बस. यात तुमच्या मनाला कुठेच वाव नाही, हेच त्यातलं चांगलं.

त्रास पुढे आहे. ६१ नंबरच्या बाई माहेरी गेल्यात आणि त्यांचे मिस्टर म्हणतात "मला विचारा ना, घरात सगळे सारखेच मत देतो." नाही विचारायचं. परत जायचं, तीनदा जायचं, नाही भेटल्या तर "भेटल्या नाहीत" असं लिहायचं आणि शेवटी किती भेटले नाहीत ते प्रोजेक्टमध्ये सांगायचं. घरी असलेल्यांनाच विचारत बसलात तर तुमच्या सर्व्हेत म्हातारे आणि बेकार जास्त येतात, बुटीबोरीला शिफ्टला जाणारा पोरगा कधीच येत नाही. त्याच्यासाठी रविवारी जा. आणि एप्रिल-मे मध्ये फिल्ड ठेवू नका बाप्पा, ४४-४५ डिग्रीत दुपारी दार उघडायला लावणं हीसुद्धा एक प्रकारची छळवणूकच आहे, करायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर.

४. दारात काय बोलायचं

पारडीच्या एका गल्लीत माझ्यासोबत दोन विद्यार्थिनी होत्या, हातात पॅड, गळ्यात कॉलेजचं आयकार्ड. २०२४ ची दिवाळी होऊन गेलेली, लाडकी बहीणचे पैसे खात्यात यायला लागून काही महिने झालेले. पोरीने विचारलं, "काकू, सर्व्हे आहे, दोन मिनिटं." काकूंनी आयकार्डाकडे पाहिलं, पॅडकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "माह्यं नाव कापू नका पोरी, गाडी जेठाची आहे, आमची नाही." आम्ही अजून काहीच विचारलं नव्हतं. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी "सरकार चांगलं आहे, सगळं चांगलं आहे" असे उडवले. फॉर्म भरला, आकड्यात मोजलाही गेला असता, पण मी तो काढून टाकला, कारण ते मत नव्हतं, भीती होती. तेव्हापासून "सर्व्हे" हा शब्दच आम्ही दारात वापरत नाही, कारण लोकांसाठी सर्व्हे म्हणजे काहीतरी मिळणार किंवा काहीतरी बंद होणार.

आता आम्ही असं बोलतो, पाठच करून घ्या: "नमस्कार काकू, मी अमुक, अमुक कॉलेजात एमए करते. परीक्षेसाठी एक अभ्यास करायचा आहे, लोक आपल्या तक्रारी कोणाकडे नेतात त्याचा. मी सरकारकडून नाही आली, कोण्या पक्षाकडून नाही आली. यातून तुम्हाला काही मिळणार नाही, आणि तुमचं काही बंदही होणार नाही. वीस मिनिटं लागतील. एखादा प्रश्न नाही आवडला तर सोडून द्या, मधातच थांबा म्हणाल तर थांबते. तुमचं नाव मी या फॉर्मवर लिहीत नाही. विचारू का?" आणि मग थांबायचं. खरंच थांबायचं. "विचारू का" म्हणून लगेच पहिला प्रश्न सुरू करणं म्हणजे परवानगी घेणं नाही.

सही मागू नका असं माझं मत आहे, गाइडला पटलं नाही तर भांडा. कोऱ्या कागदावर, इंग्रजी कागदावर सही-अंगठा देऊन ज्यांनी आयुष्यात भोगलंय त्यांना सहीचा कागद दाखवला की ते आक्रसतात, शिवाय सहीमुळे नेमकं नाव फॉर्मवर येतं, जे आपल्याला नकोय. तोंडी संमती घ्या आणि फॉर्मवर स्वतः लिहा, "तोंडी संमती घेतली, तारीख, वेळ". रेकॉर्डिंग करायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी, आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवून गुपचूप रेकॉर्ड करणारे जे हुशार आहेत त्यांनी हे क्षेत्र सोडून दुसरं काही बघावं.

कागदाचा रुबाब दाखवायचा मोहही आवरा. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात स्टॅनफर्ड आणि डार्टमथच्या संशोधकांनी एक प्रयोग म्हणून जवळपास एक लाख मतदारांना पत्रकं पाठवली, न्यायाधीशांच्या निवडणुकीत उमेदवार कोणत्या विचाराचे ते दाखवणारी, आणि त्यावर राज्याची मुद्रा छापली. लोकांना वाटलं सरकारी कागद आहे. मोठा गदारोळ झाला, दोन्ही विद्यापीठांना माफी मागावी लागली. आपल्याकडे विद्यापीठाचा लोगो मोठा छापून "अधिकृत सर्वेक्षण" लिहिणारे आहेत. दारातल्या माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि लोगो जितका मोठा तितकं नाही म्हणणं जड जातं.

अजून एक, फिल्डवर ओळख करून द्यायला नगरसेवकाचा माणूस सोबत घेऊ नका. तो फार प्रेमाने येतो, "ताई मी दाखवतो ना घरं", तर्री-पोहे खाऊ घालतो, आणि मग प्रत्येक घरी हात बांधून उभा राहतो. वस्तीत शिरायला ओळख लागते हे खरं आहे, पण अंगणवाडीच्या ताई, एखादे रिटायर मास्तर, बुद्धविहारात नेहमी येणाऱ्या बाया, अशी माणसं शोधा, आणि त्यांनाही चौकापर्यंतच न्या.

५. प्रश्न लिहिताना

"विदर्भावर झालेल्या अन्यायामुळे वेगळं राज्य व्हावं असं आपल्याला वाटतं का?" यात उत्तर तुम्हीच दिलं, त्याने फक्त मान हलवायची. "विदर्भ महाराष्ट्रातच राहावा असं काही लोक म्हणतात, काही म्हणतात वेगळं राज्य व्हावं, तुम्हाला काय वाटतं?" आणि पर्यायांत "यावर विचार केला नाही" हवंच. "नगरसेवक आणि आमदार काम करतात का?" हे दोन प्रश्न आहेत, तोडा. आपल्या शहरात अर्धं बोलणं हिंदीत होतं, म्हणून प्रश्नावली दोन्ही भाषांत करा आणि हिंदीची परत मराठी दुसऱ्याकडून करवून घ्या, मग कळतं गंमत कुठे झाली. पुस्तकी शब्द तर नकोच. "आपली राजकीय सहभागिता कशी आहे?" यावर इतवारीतले एक काकाजी मला म्हणाले होते, "पोरी, मराठीत सांग."

जातीचा प्रश्न शेवटी ठेवा आणि टिक मारायचे डबे कमी ठेवा. दीक्षाभूमीच्या शहरात धर्म विचारल्यावर "बौद्ध" उत्तर येतं, आणि मग तुम्ही फॉर्मप्रमाणे "जात?" विचारता. समोरचा म्हणतो, "आताच तर सांगितलं." तो बरोबर आहे, १९५६ ला त्याच्या आजोबाने जी गोष्ट सोडली ती तुम्ही परत त्याच्या तोंडून काढून राहिले. तसंच मध्य नागपुरात हलबा. तो माणूस सांगतो "हलबा", आणि तुमच्या फॉर्मवर डबे आहेत एससी, एसटी, ओबीसी, ओपन. एसटीवर टिक मारली तर २००० साली सुप्रीम कोर्टाने मिलिंद प्रकरणात हलबा-कोष्टींबद्दल जे सांगितलं (ते एसटीतल्या हलबांत मोडत नाहीत) त्याच्या उलट जाता, दुसरीकडे मारली तर त्या माणसाचा पिढ्यांचा झगडा तुम्ही पेनाच्या एका रेघेत निकाली काढला. म्हणून त्याने सांगितलं तो शब्द जसाच्या तसा लिहा, प्रवर्ग कसा धरायचा ते नंतर वेगळ्या रकान्यात ठरवा आणि कसं ठरवलं ते प्रोजेक्टमध्ये लिहा.

६. मत आणि पैसा

कोणाला मत दिलं हे सांगायची कोणावर सक्ती नाही, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ९४ प्रमाणे कोर्टात साक्षीदाराला सुद्धा ते सांगायला लावता येत नाही, मग तुम्ही कोण. लोकनीती-सीएसडीएस या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची मंडळी त्यांच्या सर्व्हेत नकली मतपत्रिका आणि पेटी वापरतात, ते सरळ उचला. बुटाच्या खोक्याला फट पाडा, कागदावर चिन्हं छापा, मागे फक्त फॉर्मचा नंबर, आणि माणसाला सांगा की पाठ फिरवून खूण करून घडी घालून टाका. बायकांच्या बाबतीत तर फारच फरक पडतो, कारण सासू आणि नवरा ऐकत असतात. तरी लक्षात ठेवा, निकाल लागल्यावर विचारलं की जिंकलेल्याला मत दिलं म्हणणारे वाढतात, त्यामुळे तुमच्या आकड्यात विजेता नेहमी थोडा फुगतो.

पैसेवाटपावर काम करायचं सगळ्यांना असतं. थेट "तुम्हाला पैसे मिळाले का?" विचारलं तर घेणाराही गुन्ह्यात येतो हे लोकांना माहीत आहे, कशाला सांगतील. त्यासाठी यादीची युक्ती आहे. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिल्या गटाला चार गोष्टी वाचून दाखवा: प्रचाराची गाडी गल्लीतून गेली, कार्यकर्ता पत्रक देऊन गेला, उमेदवाराचा व्हिडिओ फोनवर आला, उमेदवार स्वतः घरी आला. विचारायचं एवढंच की यातल्या *किती* गोष्टी झाल्या, कोणत्या ते नाही. दुसऱ्या गटाला त्याच चार आणि पाचवी: मतासाठी पैसे किंवा वस्तू मिळाली. पहिल्या गटाची सरासरी २.१ आली आणि दुसऱ्याची २.३, तर फरक ०.२, म्हणजे साधारण २० टक्के घरांत काहीतरी पोहोचलं. कोणाच्या घरी ते तुम्हालाही माहीत नाही, आणि तेच पाहिजे. निकाराग्वामध्ये २००८ च्या स्थानिक निवडणुकांनंतर असं केलं तर थेट विचारल्यावर ३ टक्क्यांहून कमी लोक हो म्हणाले होते, यादीने तो आकडा २४ टक्क्यांच्या आसपास गेला. पण ६० लोकांवर हे करू नका, एका गटात दोन-तीनशे तरी पाहिजेत, नाहीतर फरक निव्वळ योगायोगाचा असतो. आणि कोणी पाचही म्हणाला तर त्याचं गुपित उघडलं, म्हणून बाकीच्या चार गोष्टी अशा निवडा की चारही क्वचितच कोणाच्या घरी होतील.

मुलाखतीत कोणी आपणहून "मी स्वतः वाटले" म्हणालं तर? नाव, गल्ली, रक्कम लिहून ठेवू नका. पोलिसांनी मागितलं तर "सांगत नाही" म्हणण्याचं संरक्षण आपल्याकडे संशोधकाला कायद्याने दिलेलं नाही. जे लिहिलंच नाही ते कोणी मागू शकत नाही.

निवडणुकीच्या हंगामात फिल्डवर असाल तर आणखी एक. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या काळात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ए खाली एक्झिट पोल घेणं आणि छापणं दोन्हीला बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा बूथबाहेर उभं राहून विचारपूस करायची हौस नको, आणि आकडे उत्साहात स्टेटसला तर मुळीच टाकू नका.

७. कागद सांभाळा (माझी लाज)

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी ४२ भरलेले फॉर्म झेरॉक्सला दिले होते, सीताबर्डीच्या एका गर्दीच्या दुकानात, आणि "दहा मिनिटांत येते" म्हणून चहाला गेले. त्या वेळी मी वरच्या कोपऱ्यात नाव आणि मोबाईल लिहायचे, परत फोन करायला सोपं पडतं म्हणून. आले तर काउंटरवरचा पोरगा हसून म्हणतो, "मॅडम, हे तर आमच्या मोठ्या वडिलांचं आहे, त्यायनं पंजाला दिलं म्हणते? घरी तर कमळ-कमळ करते." मी हसण्यावारी नेलं आणि रात्रभर झोपले नाही. त्या काकांच्या घरी पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि परत त्या गल्लीत जायची हिंमतही झाली नाही, म्हणजे नमुन्यातले उरलेले नऊ जणही गेले.

तेव्हापासून फॉर्मवर फक्त नंबर. नंबर कोणाचा हे एका वेगळ्या वहीत, वही घरी कपाटात, फॉर्म दुसरीकडे. स्कॅन मोबाईलवर असेल तर फोल्डरला पासवर्ड, ग्रुपवर "कोणी तरी कन्व्हर्ट करून द्या ना" म्हणून टाकायचं नाही. मतदार यादीची पीडीएफ सगळ्यांना मिळते म्हणून त्यावर खुणा करून ती ड्राइव्हवर उघडी ठेवणं हेही तसंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सूट आहे, पण त्या माहितीवरून कोण्या एका माणसाबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल तरच, त्यामुळे तुमचा डेटा पक्षाच्या वॉर रूममधल्या मित्राला "फक्त बघायला" दिला की तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर.

आणि नाव बदललं की माणूस लपतो असं समजू नका. "उत्तर नागपुरातल्या, दोन टर्म निवडून आलेल्या, आधी शिक्षिका असलेल्या एक माजी नगरसेविका" असं लिहिलंत तर चहाच्या टपरीवरही कोणी ओळखेल. दोन टर्म काढा, नाहीतर शिक्षिका काढा, नाहीतर उत्तर काढा. लिहून झालं की त्याच भागातल्या मित्राला वाचायला द्या आणि विचारा, "कोण आहे सांग." त्याने बरोबर सांगितलं तर परत लिहा. पदावर असताना केलेल्या जाहीर भाषणाची गोष्ट वेगळी, ते नावासकट लिहा, तिथे लपवणं उलट चूक.

व्हॉट्सॲप ग्रुपचं पण बोलते, कारण आता अर्धे प्रोजेक्ट त्यावर असतात. भावाने वॉर्डाच्या ग्रुपमध्ये ॲड केलं म्हणून तुम्ही तिथले स्क्रीनशॉट वापरू शकत नाही. ॲडमिनला आणि ग्रुपला सांगा की मी अभ्यास करते, काढलं तर निघा. मेसेज शब्दशः देण्यापेक्षा अर्थ सांगा. उमेदवाराचं जाहीर फेसबुक पेज मात्र खुशाल वापरा.

८. घरी बसून भरलेले फॉर्म

हे मला ओळखू येतं, खोटं वाटत असेल तर करून बघा. खऱ्या फॉर्मवर खाडाखोड असते, एखादा चहाचा डाग, तीन-चार ठिकाणी "माहीत नाही", एखाद्याने मधातच उठून गेलेला अर्धा फॉर्म. खोटे फॉर्म सगळे पूर्ण असतात आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. सायन्स या नामांकित नियतकालिकात २०१४ मध्ये घरोघरी बोलून लोकांची मतं बदलता येतात यावर एक पेपर आला होता, खूप गाजला, आणि २०१५ मध्ये मागे घेतला गेला. दुसऱ्या संशोधकांना तोच प्रयोग पुढे न्यायचा होता म्हणून त्यांनी आकडे तपासले, तर ते फारच गुळगुळीत, आणि जिने सर्व्हे केला म्हणून सांगितलं होतं ती कंपनी म्हणाली आम्ही असं काही केलंच नाही. ३५ खरे फॉर्म असतील तर ३५ लिहा, मी तरी कोणाला त्यासाठी नापास केलेलं नाही.

चोरीचे नियम थोडक्यात: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांत परत द्यायचं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. मराठी मजकूर सॉफ्टवेअर नीट पकडत नाही म्हणून जुन्या प्रबंधातली पानं उतरवणारे आहेत, पण गाइडने तो जुना प्रबंध स्वतः तपासलेला असतो कधीकधी.

ज्यांना दारोदारी जमत नाही त्यांच्यासाठी डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आहेच. यशवंत स्टेडियमजवळून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवले जातात, तासन् तास लोक बसून असतात आणि बोलायला तयार असतात. रांग धरा, प्रत्येक दहाव्या माणसाला विचारा, फक्त पुढे झेंडा घेऊन उभ्या असलेल्यांनाच नको, गडचिरोलीहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आलेली बाई मागे सावलीत बसलेली असते, तिला विचारा. चेहऱ्यांचे फोटो नको. याच जागी १९९४ च्या नोव्हेंबरात गोवारींच्या मोर्चात ११४ लोक चेंगरून गेले, तिथे आलेल्या माणसाकडे फक्त डेटा म्हणून बघत जाऊ नका, आणि गर्दी ढकलायला लागली की पॅड बॅगेत टाका आणि बाजूला व्हा, फॉर्म नंतर भरता येतो.

व्हायव्हा होऊन निकालपत्र हातात आलं की नावांची वही फाडून टाका, आधी नाही, कारण बाहेरचे परीक्षक कधीकधी फॉर्म बघायला मागतात. आणि ज्या गल्लीत गेले होते तिथे एक पानाचा मराठी सारांश नेऊन द्या, फार कोणी करत नाही, पण पुढच्या वर्षी माझ्या मुलांना त्याच दारात उभं राहायचं असतं. प्रश्नावली दाखवायची असेल तर लिंक पाठवू नका, प्रिंट घेऊन या, मंगळवार-गुरुवार अकरानंतर मी असते, पेपर तपासणी लागली तर नसते.